सत्पात्रीं दान नव्हे

"सरकारनें सगळें फुकट ठेवलें आहे, तरी या बायका घेत नाहींत," हें वाक्य सुशिक्षितांच्या बैठकींत इतक्या वेळां ऐकूं येतें कीं, तें खरें कीं खोटें हें तपासण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं. बोलणाऱ्याच्या मुद्रेवर त्या वेळीं खेद असतो, थोडी कींव असते, आणि आपण त्या वर्गांतले नाहीं याचें समाधानही असतें. मग अडाणीपणा, भोळेपणा, सासूचा धाक, नवऱ्याची जबरदस्ती अशीं कारणें एकामागून एक पुढें येतात, आणि सारा दोष घेणारीच्या पदरांत टाकून बैठक चहाकडे वळते. प्रस्तुत लेखाचा हेतु या समाधानाचा भंग करण्याचा आहे. घेणारी दाराशीं येऊन परत कां जाते हें पाहावयाचें, तर तिच्या डोक्यांत काय आहे तें शोधण्याआधीं दारावर काय लिहिलें आहे तें वाचलें पाहिजे. कुटुंबनियोजनाच्या सरकारी दारावर एक शब्द लिहिलेला आहे, आणि तो शब्द म्हणजे 'पात्रता'.

'पात्र' या शब्दाचा मूळ अर्थ भांडें. ज्या भांड्यांत आपण कांहीं घालणार, तें स्वच्छ आहे कीं नाहीं, गळकें तर नाहीं ना, हें दात्यानें पाहावें, या समजुतींतून 'सत्पात्रीं दान' हा शब्दप्रयोग आपल्याकडे रूढ झाला. दात्याचा पैसा त्याच्या स्वतःच्या कमाईचा असतो. म्हणून कोणास द्यावें व कोणास देऊं नये हें ठरविण्याचा अधिकार त्याचा, आणि आपली योग्यता सिद्ध करण्याचें ओझें घेणाऱ्याचें. परंतु सरकारी दवाखान्यांत जी तांबी बसविली जाते, जी गोळी दिली जाते, जी शस्त्रक्रिया होते, ती कोणाच्या कमाईंतून? साबणाच्या वडीपासून चपलेच्या जोडापर्यंत प्रत्येक खरेदीवर जी स्त्री कर भरते, तिचाही पैसा त्यांत आहे. तेव्हां येथें कोणी दाता नाहीं आणि हें दानही नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, संततिनियमनाच्या साधनासाठीं स्त्रीची गरज, तिची प्रकृति आणि तिची संमति या तीन गोष्टी पाहाव्या. ती कोणाची पत्नी आहे, तिला मुलें किती, आणि तिच्या कागदावर सही कोणाची, या गोष्टी अट म्हणून विचारण्याचा अधिकार कोणासही असूं नये.

या कामांत आपला देश मागें राहिला असें कोणी म्हणूं नये. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, आणि या मताच्या प्रचारापायीं विल्सन कॉलेजांतील गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली. १९२७ सालीं त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलें, आणि खटले, दंड व उपहास सोसून १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. म्हैसूर संस्थानानें १९३० सालीं सरकारी दवाखान्यांतून हा सल्ला देण्यास आरंभ केला. पुढें १९५२ सालीं भारत सरकारनें कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. असा कार्यक्रम घेणारें जगांतील तें पहिलें सरकार. दूरदृष्टि होती यांत शंका नाहीं. परंतु त्या दृष्टीसमोर स्त्री नव्हती, लोकसंख्येचा आकडा होता. आकडा आवरावयाचा तर तो जेथें वाढतो तेथें जावें, म्हणून विवाहित जोडपें हेंच या कार्यक्रमाचें माप ठरलें. आरोग्यसेविका घरोघर जाऊन जी नोंदवही भरते, ती इंग्रजींत ज्यांना 'एलिजिबल कपल' म्हणतात त्या पात्र जोडप्यांची वही होय: लग्न झालेलें, नवरा हयात, बायको मूल होण्याच्या वयांत. स्त्री अविवाहित असेल किंवा विधवा असेल, तर त्या वहींत तिच्या नांवाचें पान नाहीं. अशा स्त्रीनें गोळी घेऊं नये असा कायदा नाहीं, हें मान्य; किशोरवयीनांना सल्ला देण्याचा एक कार्यक्रम २०१४ सालापासून निघाला आहे, हेंही मान्य. परंतु गोळ्यांची पिशवी घेऊन सेविका कोणत्या उंबऱ्यावर थांबते, तें त्या वहीवरूनच ठरतें.

शस्त्रक्रियेच्या बाबतींत तर अटी छापूनच ठेवल्या आहेत. केंद्र सरकारनें २००६ सालीं नसबंदीसाठीं जीं मानकें प्रसिद्ध केलीं, त्यांप्रमाणें अर्जदार स्त्रीचें लग्न झालेलें असलें पाहिजे. तिचें वय २२ हून अधिक आणि ४९ हून कमी पाहिजे. आणि वैद्यकीय कारण नसेल तर एक वर्षाहून मोठें असें निदान एक मूल पाहिजे. पुरुषासाठींही लग्नाची आणि मुलाची अट आहेच. आतां गंमत पाहा. कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई यांनीं आपणांस मूल नको असें समजून-उमजून ठरविलें होतें, आणि तें पाळलें. या देशांत या विद्येची पाटी ज्यानें अगदीं आरंभीं दारावर लावली, तो मनुष्य आज नसबंदीसाठीं सरकारी दवाखान्यांत गेला असता, तर या मानकांप्रमाणें अपात्र ठरून परत आला असता! ज्या चाळणींत चळवळीचा अग्रणीच कोंडा ठरतो, ती चाळणी एकदां उजेडांत धरून पाहावी असें म्हटलें, तर त्यांत अतिरेक कोणता?

या शस्त्रक्रियेसाठीं जो कागद भरून घेतात, त्याचें नांवही विचार करण्याजोगें आहे. तो 'अर्ज' आहे आणि 'संमतिपत्र'ही आहे. दोन्ही एकाच कागदावर. ज्याच्याकडे कांहीं मागावयाचें त्यास अर्ज करतात. ज्याच्या घरांत शिरावयाचें त्याची संमति घेतात. या एका कागदावर एकाच अंगठ्यानें स्त्री आपल्या देहाची मालकीणही होते आणि त्याच देहासाठीं याचकही होते. कारकुनास यांत विसंगति दिसत नाहीं, कारण त्याला रकाने भरावयाचे असतात. आपल्याला ती दिसावयास हवी. संमतीचा भाग राहिलाच पाहिजे. किंबहुना तो अधिक सावकाश आणि तिला उमजेल अशा भाषेंत वाचून दाखविला पाहिजे. जावयास पाहिजे तो अर्ज.

छापलेल्या अटींपेक्षां न छापलेल्या अटी अधिक जाचक असतात. नसबंदीसाठीं पतीच्या संमतीची आवश्यकता नाहीं, असें त्याच मानकांत स्पष्ट लिहिलें आहे. तांबीसाठीं तर ती मागण्यास कोणत्याही कायद्याचा आधार नाहीं. तरीही "नवऱ्याची सही आणा" हें वाक्य पुष्कळ ठिकाणीं आजही ऐकूं येतें. आमच्याकडे धुणेंभांडीं करणाऱ्या बाई दोन मुलांनंतर तांबी बसवून घेण्यासाठीं एका सरकारी दवाखान्यांत गेल्या. पहिल्या खेपेस आधार कार्डावरचें आडनांव माहेरचें निघालें म्हणून त्यांना परत पाठविलें. दुसऱ्या खेपेस "मालकांना घेऊन या" असें सांगितलें. मालक ट्रकवर, महिना-महिना बाहेर. दोन खेपांत दोन दिवसांचीं कामें बुडालीं आणि चार घरचीं बोलणीं खाल्लीं तीं वेगळीं. तिसऱ्या खेपेस त्या गेल्याच नाहींत. मला म्हणाल्या, "बाई, अंग माझं, दुखणं माझं, उद्या पोट वाढलं तर तेही माझंच. मग सही तेवढी त्याची कशाला?" मला उत्तर देतां आलें नाहीं. पुढें व्हावयाचें तें झालें; तिसरें बाळंतपण आलें, हातचीं कामें सुटलीं, आणि थोरल्या मुलीची शाळा धाकट्याला सांभाळण्यापायीं बंद पडली. आमच्या बैठकींत मात्र त्यांची गणना 'फुकट असून न घेणाऱ्या' बायकांतच झाली.

नवऱ्याच्या सहीचे कैवारी सर्वोच्च न्यायालयाच्या २००७ सालच्या एका निकालाकडे बोट दाखवितात. घटस्फोटाच्या त्या खटल्यांत, जोडीदाराच्या संमतीवांचून व वैद्यकीय कारण नसतांना नसबंदी किंवा गर्भपात करून घेणें ही मानसिक क्रूरता ठरूं शकेल, असें म्हटलें आहे. असेल. परंतु तो तंटा त्या दोघांनीं न्यायालयापुढें सोडवावयाचा आहे. दवाखान्याच्या खिडकीमागें बसलेल्या माणसानें न्यायाधीशाची खुर्ची ओढून घ्यावी, असें त्या निकालांत कोठें आहे?

आतां थोडें आपल्याकडे पाहूं. या मासिकाच्या वाचकांपैकीं कोणावर असल्या साधनासाठीं अर्ज करण्याची पाळी आली आहे? औषधाच्या दुकानांत पैसे पुढें केले कीं पाकीट हातीं पडतें. दुकानदार लग्नाचा दाखला मागत नाहीं, मुलें किती म्हणून विचारीत नाहीं, सासूबाई बरोबर कां नाहींत असेंही म्हणत नाहीं. खासगी दवाखान्यांतही कधीं कधीं उपदेश ऐकावा लागतो. परंतु तेथें न पटलें तर दुसऱ्या डॉक्टरचें दार उघडें असतें. म्हणजे पात्रतेची कसोटी त्या साधनाला नाहीं, स्त्रीच्या देहाला नाहीं, तर ती गरिबीला आहे. पैसा पुढें आला कीं नीतीची चौकशी थांबते, आणि पैसा नसला कीं ती सुरू होते. अशा चौकशीला नीति म्हणावयाचें काय?

या बाबतींत कायदा आपल्या दवाखान्यांच्या पुढें गेला आहे. १९७१ सालच्या गर्भपाताच्या कायद्यांत, साधन निकामी ठरून गर्भ राहिल्यास मिळणारी सवलत विवाहित स्त्री व तिचा पति यांच्यापुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीनें तेथें 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २०२२ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें, वीस ते चोवीस आठवड्यांच्या मुदतींत अविवाहित स्त्रीला विवाहितेहून वेगळें वागवितां येणार नाहीं, असा निकाल दिला. आणि कायद्यांत नसलेल्या अटी, घरच्यांची संमति वगैरे, डॉक्टरांनीं स्वतःच्या मनानें घालूं नयेत, असेंही बजाविलें. तेव्हां स्थिति अशी झाली आहे कीं, गर्भ राहिल्यावर ज्या अविवाहितेची दखल कायदा घेतो, त्याच स्त्रीला तो राहूं नये म्हणून साधन देणाऱ्या वहींत जागा नाहीं. विहिरींत पडल्यावर दोर टाकूं, पण कांठाला कठडा बांधणार नाहीं, असा हा कारभार आहे.

पात्रतेचें दुसरें रूप याहून सूक्ष्म आहे. तेथें नसबंदीला अट नसते. नसबंदी हीच अट असते. महाराष्ट्र शासनाच्या 'लेक लाडकी' योजनेचा २०२३ सालचा शासननिर्णय वाचावा. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेच्या घरांत मुलगी जन्मली, तर ती अठरा वर्षांची होईपर्यंत हप्त्याहप्त्यानें एकूण १,०१,००० रुपये द्यावयाचे, हा हेतु स्तुत्य आहे. परंतु पुढच्या हप्त्याचा अर्ज करतांना माता किंवा पिता यांनीं कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केल्याचें प्रमाणपत्र जोडावें, अशी अट त्यांत घातली आहे. 'माता किंवा पिता' हे शब्द कागदावर समतोल दिसतात. प्रत्यक्षांत तराजू कोणीकडे झुकतो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील विवाहित स्त्रियांपैकीं ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आढळली; नवऱ्याची झालेली ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी जोखमीची असूनही हें प्रमाण आहे. म्हणजे लेकीच्या शाळेच्या पैशांसाठीं आईनें पोटावर टाके घ्यावे, असाच त्या समतोल शब्दांचा व्यवहारांतला अर्थ होतो. संमति ही विकत घेतली कीं ती संमति राहत नाहीं.

बाळंतिणीच्या मदतींतही हेंच. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानें, सरकारी नोकरी वगैरे अपवाद सोडून, प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेस निदान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ सालीं योजना आली ती ५,००० रुपयांची, आणि तीही पहिल्या मुलापुरती. २०२२ पासून दुसरें अपत्य मुलगी असल्यास त्या मातेस जागा मिळाली. कायदा 'प्रत्येक' म्हणतो आणि अर्ज 'कितवें?' म्हणून विचारतो. दुसऱ्या खेपेस मुलगा झाला, तर त्या बाळंतिणीला डिंकाचे लाडू कमी लागतात काय?

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. अटी काढल्या तर सक्तीला मोकळें रान मिळेल, असें जाणते लोक म्हणतात. त्यांची भीति इतिहासानें दिलेली आहे. १९७६-७७ या एका वर्षांत देशांत ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, आणि आंकडा पुरा करण्यासाठीं माणसें धरून आणलीं गेलीं. आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळानें १९७६ सालीं तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचें विधेयक मंजूर केलें होतें. राष्ट्रपतींची संमति मिळाली नाहीं, म्हणूनच तें कायदा झालें नाहीं. २०१४ च्या नोव्हेंबरांत छत्तीसगडांत बिलासपुराजवळ एका शिबिरांत कांहीं तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या सुमाराच्या शिबिरांनंतर १३ स्त्रिया मरण पावल्या. २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें अशीं शिबिरें तीन वर्षांच्या आंत बंद करण्यास सांगितलें.

परंतु या दोन्ही प्रसंगीं उणीव कशाची होती? लग्नाचा दाखला नव्हता म्हणून हा अनर्थ ओढवला काय? नव्हती ती खरी संमति, नव्हता तो पुरेसा वेळ, नव्हती ती स्वच्छता, आणि नव्हती ती 'नको' म्हणण्याची मुभा. रक्षण करणारी अट आणि अडविणारी अट यांत हाच भेद आहे. रक्षण करणारी अट अधिकाऱ्याचे हात बांधते. अडविणारी अट स्त्रीचे पाय बांधते. एका दिवसांत एका डॉक्टरनें किती शस्त्रक्रिया कराव्या, ही पहिल्या जातीची अट. नवऱ्याची सही ही दुसऱ्या जातीची. आपल्याकडे दुसरी कडक आहे आणि पहिली सैल, हेंच मुळांत उलटें झालें आहे. कोवळ्या वयांत कायमचा निर्णय घेऊन पुढें पश्चात्ताप होऊं नये, म्हणून वयाची मर्यादा मीही मान्य करतें. परंतु पदरांत मूल असल्यानें पश्चात्ताप टळतो असें थोडेंच आहे? तो टळावयाचा तर विचारास मुदत द्यावी, तात्पुरतीं साधनें समजावून सांगावीं, आणि त्यानंतरही तिचा निश्चय कायम असेल तर त्याचा मान राखावा.

राहिला स्वैराचाराचा आक्षेप. कर्व्यांच्या काळीं तो विवाहितांना साधनें देण्याविरुद्धही घेतला जात असे. आज तो अविवाहितांपुरता उरला आहे, एवढीच प्रगति. साधन नाकारल्यानें संबंध थांबतात असा अनुभव कोणत्याही देशाचा नाहीं. थांबतें तें मुलीचें शिक्षण, आणि सुरू होते ती चोरीछुपी औषधें घेण्याची वाट. ब्रिटननें १९७४ सालीं आपल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेंतून हीं साधनें विवाहित-अविवाहित हा भेद न करतां मोफत देण्यास सुरुवात केली. त्यामुळें तेथील विवाहसंस्था कोसळून पडली असें म्हणण्यास आधार नाहीं. आणि ज्या संस्थेचें रक्षण दवाखान्याच्या खिडकीवरचा कारकून करतो, ती तशीही कितीशी भक्कम असणार?

तेव्हां मागणी काय, तें स्पष्ट सांगतें. तात्पुरत्या साधनासाठीं अर्ज नसावा. स्त्रीचें नांव, वय, प्रकृतीची माहिती आणि तिची स्वतःची संमति एवढेंच पान असावें. पतीची सही लागत नाहीं, हें वाक्य प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर, खिडकीच्या वर, मोठ्या अक्षरांत लिहावें. मानकांच्या पुस्तिकेंत तें असून कोणाच्या उपयोगीं पडत नाहीं. नसबंदीसाठीं लग्न आणि मूल यांची अट काढून तेथें विचाराची मुदत ठेवावी. कोणासही परत पाठविलें, तर कारण लेखी द्यावें व त्याखालीं परत पाठविणाऱ्याची सही असावी. इतके दिवस नवऱ्याच्या सहीचा शोध झाला, आतां थोडा या सहीचा होऊं द्या. आणि मुलींच्या शिक्षणाचा किंवा आईच्या पोषणाचा पैसा शस्त्रक्रियेच्या प्रमाणपत्रापासून मोकळा करावा.

हें सर्व सरकारनें करावयाचें आहे. परंतु आपणही हात झटकून मोकळे होऊं शकत नाहीं. खिडकीमागें बसणारी माणसें आपल्याच घरांतलीं आहेत. तो कारकून, ती परिचारिका, तो डॉक्टर, तो शासननिर्णय लिहिणारा अधिकारी, सर्व आपल्याच बैठकींत वाढलेले आहेत, आणि आपल्याच समजुती बरोबर घेऊन तेथें बसले आहेत. पुढच्या वेळीं कोणीं "फुकट असून या बायका घेत नाहींत" असें म्हटलें, तर चहाचा पेला खालीं ठेवून त्यांस एवढेंच विचारावें, "त्या किती वेळां येऊन गेल्या, याची नोंद कोणत्या वहींत आहे?"